मद्रासची पेढी, मळीचा मद्यार्क आणि विठ्ठल मल्ल्या

चेन्नई : सन १९४८ मध्ये एका चोवीस वर्षांच्या तरुणाने दक्षिण भारतातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीच्या अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, संपूर्ण मद्रास प्रांतात दारूबंदी लागू झाली. कंपनीचे मूळ या प्रांतातले, निलगिरीतील तिच्या जुन्या ब्रुअरी या प्रांतातल्या आणि तरुणाचे वडिलोपार्जित गावही याच प्रांताच्या दक्षिण कॅनरा जिल्ह्यातले. धंद्याची सुरुवात याहून प्रतिकूल मुहूर्तावर होणे कठीण होते. तो तरुण म्हणजे विठ्ठल मल्ल्या. पुढील पस्तीस वर्षांत त्यांनी देशातील सर्वांत मोठा मद्य उद्योगसमूह उभा केला आणि आज भारतीय व्हिस्की म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेयाला देशव्यापी बाजारपेठ मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी राहिले.

विठ्ठल मल्ल्या यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९२४ रोजी ढाका येथे झाला. वडील बंटवाल गणपती मल्ल्या हे लष्करी सेवेतील डॉक्टर होते. कुटुंब मंगळूरजवळच्या बंटवालचे, कोकणी भाषक गौड सारस्वत समाजातले. वडिलांच्या नोकरीमुळे घराचे बिऱ्हाड मात्र गावापासून दूरदूर फिरत राहिले. विठ्ठल यांचे शालेय शिक्षण डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये आणि महाविद्यालयीन शिक्षण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात झाले.

कलकत्ता हे त्या काळी इंग्रजी भांडवलाचे मुख्य ठाणे होते. चहा, ताग, कोळसा, विमा अशा नाना व्यवसायांतील कंपन्यांचे समभाग तेथील बाजारात विकले जात. ब्रिटिश सत्ता फार काळ टिकणार नाही, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस स्पष्ट दिसू लागले, तेव्हा अनेक गोरे मालक आपला पैसा मोकळा करण्याच्या विचारात होते. तरुण मल्ल्यांनी समभागांच्या व्यवहाराचा अभ्यास याच सुमारास केला. त्यांची नजर युनायटेड ब्रुअरीज या कंपनीवर स्थिरावली आणि ते तिचे समभाग शांतपणे घेत गेले.

ही कंपनी थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने १९१५ मध्ये दक्षिणेतील पाच ब्रुअरी एकत्र आणून स्थापन केली होती. त्यांपैकी कॅसल ब्रुअरीचा इतिहास १८५७ पर्यंत मागे जातो. दक्षिणेतील छावण्यांतील गोऱ्या सैनिकांना बिअर पुरवणे हे तिचे मुख्य काम होते आणि मोठमोठी लाकडी पिंपे बैलगाड्यांवर लादून मद्रास, बंगळूर व निलगिरीकडे रवाना होत असत. अशा कंपनीच्या संचालक मंडळावर विठ्ठल मल्ल्या हे पहिले भारतीय म्हणून १९४७ मध्ये आले आणि वर्षभरातच अध्यक्ष झाले.

गोरे सैनिक मायदेशी परतत असताना त्यांच्यासाठी बिअर गाळणारी कंपनी विकत घेणे, हे त्या वेळी अनेकांना अविचाराचे वाटले असल्यास नवल नव्हते. त्यातच मद्यपानाविषयीचे देशाचे धोरण पूर्णपणे पालटत होते. मद्रास प्रांतात चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदीचा प्रारंभ केला होता. ताडी व दारूच्या गुत्त्यांवर कष्टकऱ्यांची मजुरी संपते आणि घरातील बायकामुले उपाशी राहतात, हा राजाजींचा अनुभवातून आलेला विश्वास होता. अबकारी उत्पन्नात येणारी तूट भरून काढण्यासाठी त्यांनी १९३९ मध्ये विक्रीकर आणला. आज देशभर परिचित झालेल्या विक्रीवरील कराच्या मुळांपैकी एक मूळ असे मद्रासच्या दारूबंदीत आहे. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले. मुंबई राज्यानेही १९४९ चा कायदा करून संपूर्ण दारूबंदी अंगीकारली. देशातील दोन मोठी राज्ये अशी एकापाठोपाठ एक कोरडी झाली.

मल्ल्यांपुढे दोन मार्ग होते. धंदा गुंडाळून भांडवल दुसरीकडे नेणे हा एक. दुसरा म्हणजे ज्या वस्तूला कोणी हात लावत नाही ती स्वस्तात घेऊन काळ बदलण्याची वाट पाहणे. त्यांनी दोन्ही मार्ग एकाच वेळी चोखाळले. फळांचे मुरंबे व सॉस करणारी किसान ही कंपनी १९५० च्या सुमारास त्यांच्या समूहात आली. खाद्यपदार्थांच्या या व्यवसायाला दारूबंदीची भीती नव्हती. लगोलग १९५१ मध्ये त्यांनी मद्रासची मॅक्डॉवेल अँड कंपनी ताब्यात घेतली.

मॅक्डॉवेलची कथा फोर्ट सेंट जॉर्जच्या सावलीत सुरू होते. ॲंगस मॅक्डॉवेल या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८२६ मध्ये मद्रासमध्ये ही पेढी घातली. किल्ल्यातील अधिकारी आणि शहरातील युरोपीय कुटुंबे यांना मायदेशाहून आलेली वाइन, मद्ये, तंबाखू आणि इतर चैनीच्या वस्तू पुरवणे हा तिचा व्यवसाय. १८९८ मध्ये तिला नोंदणीकृत कंपनीचे रूप मिळाले. सव्वाशे वर्षे ही पेढी आयातीवर जगली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध आले, गिऱ्हाईक असलेला गोरा समाज देश सोडून गेला आणि ज्या शहरात पेढी होती तेथे मद्यविक्रीच बंद झाली. मल्ल्यांनी जी वस्तू विकत घेतली, तिच्याजवळ एक जुने, विश्वासाचे नाव याखेरीज फारसे काही उरले नव्हते.

त्या नावाचे मोल मात्र त्यांनी अचूक ओळखले. आयात बंद झाली म्हणून पिणाऱ्यांची सवय बंद झाली नव्हती. ज्या राज्यांत दारूबंदी नव्हती तेथील शहरी मध्यमवर्ग, क्लब आणि लष्करी कँटीन यांना विलायती धाटणीचे मद्य हवे होते. ते आता देशातच तयार करावे लागणार होते. मद्रास राज्यात हे साधणे कठीण असल्याने मॅक्डॉवेलची पहिली डिस्टिलरी शेजारच्या केरळात, चेर्तला येथे, १९५९ मध्ये उभी राहिली. आयात करणारी पेढी अशा रीतीने उत्पादक झाली. दक्षिणेत ब्रँडीची आवड मोठी असल्याने प्रारंभी भर ब्रँडीवर होता. मॅक्डॉवेल्स नंबर वन ही व्हिस्की १९६८ मध्ये बाजारात आली.

या ठिकाणी भारतीय व्हिस्कीचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते, कारण मल्ल्यांचे यश आणि त्यांच्या वारशाभोवतीचा वाद, दोन्ही त्यातच दडलेले आहेत. स्कॉटलंडमध्ये व्हिस्की ही धान्यापासूनच झाली पाहिजे, असा दंडक आहे. सातूला मोड आणून ते वाळवतात, त्याचा गोड अर्क काढून आंबवतात, तांब्याच्या भांड्यात त्याचे दोनदा ऊर्ध्वपातन करतात आणि निघालेला मद्यार्क ओकच्या लाकडी पिंपांत किमान तीन वर्षे मुरवतात. स्वतंत्र भारताला ही पद्धत जशीच्या तशी स्वीकारणे शक्य नव्हते. पन्नास आणि साठच्या दशकांत देश अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर अवलंबून होता. रेशनच्या दुकानांपुढे रांगा असताना धान्य दारूसाठी वापरणे राजकीयदृष्ट्या अशक्य आणि नैतिकदृष्ट्या असमर्थनीय होते.

धान्याला पर्याय उसाने दिला. साखर करताना उरणारी काळी, घट्ट मळी ही कारखान्यांची डोकेदुखी होती. साठवायला जागा लागे आणि ओढ्यानाल्यांत सोडली तर पाणी नासे. प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्यापासून महाराष्ट्रात जी कारखानदारी पसरत गेली, तिच्यासोबत मळीचे साठेही वाढत गेले. मळीत जवळपास निम्मा भाग साखरेचा असतो. पाणी घालून यीस्टने ती आंबवली आणि उंच स्तंभांमध्ये तिचे ऊर्ध्वपातन केले की सुमारे शहाण्णव टक्के तीव्रतेचा, रंग, वास व चव जवळपास नसलेला अतिशुद्ध मद्यार्क हाती येतो. त्यात थोडा माल्टचा मद्यार्क, काही वेळा आयात केलेल्या स्कॉचचा अंश आणि रंगासाठी जाळलेली साखर मिसळून पाण्याने तीव्रता उतरवली की सर्वसाधारण भारतीय व्हिस्की तयार होते. बाटलीवर दिसणारा ४२.८ टक्के हा आकडाही इतिहासाची खूण आहे. जुन्या इंग्रजी प्रूफ मोजणीनुसार ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे शंभर अंश; त्याचे पंचाहत्तर अंश म्हणजे ४२.८. इंग्रज गेले, त्यांचे मोजमाप राहिले.

चवीच्या दृष्टीने ही व्हिस्की स्कॉचपेक्षा हलकी आणि काहीशी गोडसर असते. धुराचा वा लाकडाचा गंध तिच्यात क्वचितच जाणवतो. सोडा किंवा भरपूर पाणी घालून, चमचमीत खाण्यासोबत पिण्याची इथली रीत तिला मानवते. जाणकार तिची तुलना स्कॉचपेक्षा सौम्य रमशी करतात, कारण उसाच्या मळीपासून होणाऱ्या मद्याला जगभर रम असेच म्हणतात. युरोपीय संघाने तर अशा मद्याला व्हिस्की या नावाने विकण्यास मनाई केलेली आहे. भारतीय उत्पादकांचे म्हणणे याउलट असे की, प्रत्येक देशाचे पेय त्या देशाच्या पिकातून घडते आणि नावाचा अर्थ कालांतराने विस्तारतो. या वादाचा निकाल काहीही लागो, उसाच्या पट्ट्यातील मळी, धान्याची टंचाई, आयातबंदी आणि विलायती पेल्याचे आकर्षण या चार गोष्टींच्या संयोगातून ही शैली जन्मली, हे नाकारता येत नाही. मल्ल्या हे तिचे जनक नव्हेत. अनेक डिस्टिलरींनी ती एकाच वेळी घडवली. तथापि एका राज्यापुरत्या विखुरलेल्या या धंद्याला देशव्यापी रूप देण्यात त्यांचा वाटा फार मोठा होता.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. राज्यघटनेने मद्य हा विषय राज्यांकडे सोपवला आहे. परिणामी प्रत्येक राज्याचा परवाना निराळा, शुल्क निराळे, लेबल निराळे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बाटली नेणे म्हणजे जणू परदेशी माल नेणे. देशभर विक्री करायची तर प्रत्येक प्रमुख राज्यात आपला किंवा भागीदाराचा कारखाना असणे भाग होते. नव्या डिस्टिलरीला परवाना मिळणे दुरापास्त असल्याने जुना परवाना हीच खरी मालमत्ता ठरली. मल्ल्यांनी इमारती आणि यंत्रांपेक्षा परवाने आणि नावे यांना महत्त्व दिले. ठिकठिकाणच्या आजारी वा दुर्लक्षित डिस्टिलरी आणि ब्रुअरी त्यांनी एकामागून एक समूहात आणल्या.

मुंबईचाही या विस्ताराशी संबंध आला. बॅगपायपर व्हिस्कीमुळे नावारूपाला आलेली हर्बर्टसन्स ही कंपनी समूहात दाखल झाली. जुनी मद्यविक्री पेढी फिप्सन अँड कंपनी हीदेखील त्यांच्याकडे आली. या पेढीचे संस्थापक हर्बर्ट फिप्सन हे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आधारस्तंभांपैकी एक होते आणि संस्थेचा संग्रह आरंभीच्या काळात त्यांच्याच पेढीच्या जागेत ठेवलेला होता. पक्षी आणि फुलपाखरे यांचा अभ्यास व वाइनचा व्यापार अशी ती अनोखी सोबत होती. गोव्यात फोंडा येथे मॅक्डॉवेलच्या डिस्टिलरीत पुढे अस्सल माल्टची व्हिस्कीही गाळली गेली.

परकीय चलन नियमन कायद्याने १९७३ मध्ये विदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा सर्वसाधारणपणे चाळीस टक्क्यांवर आणणे भाग पाडले, तेव्हा मल्ल्यांना पुन्हा आपल्या तारुण्यातील कलकत्त्याचा काळ अनुभवता आला. विकणारे परदेशी मालक होते आणि संयमाने विकत घेणारे भारतीय थोडे होते. ब्रिटिश पेंट्स, जी नंतर बर्जर या नावाने ओळखली गेली, तिच्यासारख्या मद्याशी संबंध नसलेल्या कंपन्यांतही त्यांनी याच काळात गुंतवणूक केली.

खरी कसोटी १९७७ मध्ये आली. कट्टर दारूबंदीवादी मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि काही वर्षांत संपूर्ण देश दारूमुक्त करण्याचा मनोदय त्यांच्या सरकारने जाहीर केला. मद्य उद्योगात घबराट पसरली. अनेक मालकांनी आपल्या डिस्टिलरी मिळेल त्या किमतीला विकायला काढल्या. मल्ल्यांनी मात्र खरेदी चालूच ठेवली. मद्रास प्रांताचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. बंदीचा आदेश निघतो. पण राज्याची तिजोरी रिकामी होऊ लागली आणि चोरट्या भट्ट्या पेटू लागल्या की तो टिकवणे अवघड होते, हे त्यांनी पाहिले होते. जनता सरकार १९७९ मध्ये कोसळले आणि देशव्यापी दारूबंदीचा बेतही मागे पडला. भीतीच्या त्या दोन वर्षांत घेतलेल्या कारखान्यांनी समूहाचे स्थान पक्के केले.

हा हिशेब व्यापारी म्हणून अचूक होता. परंतु नाण्याला दुसरी बाजू होती आणि ती तमिळनाडूइतकी स्पष्ट क्वचितच कोठे दिसली. राज्याच्या तिजोरीचे कारण देऊन १९७१ मध्ये मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांनी दारूबंदी उठवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राजाजी स्वतः त्यांच्या घरी गेले आणि एक संपूर्ण पिढी दारूपासून दूर वाढली आहे, तिला पुन्हा त्या वाटेवर नेऊ नये, अशी विनवणी त्यांनी केली. निर्णय बदलला नाही. पुढल्या वर्षी राजाजींचे निधन झाले. काही काळाने करुणानिधी सरकारनेच बंदी पुन्हा लागू केली. नंतर एम. जी. रामचंद्रन यांच्या कारकिर्दीत १९८१ मध्ये विक्रीची दारे पुन्हा उघडली आणि १९८३ मध्ये घाऊक व्यापारासाठी तास्मॅक हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. ज्या राज्याने दारूबंदीचा मार्ग देशाला दाखवला, तेच पुढे मद्यावरील उत्पन्नावर मोठ्या प्रमाणात विसंबले. तेथील ग्रामीण महिलांनी दुकाने बंद करण्यासाठी केलेली आंदोलने राजाजींच्या विनवणीचीच आठवण करून देतात.

विठ्ठल मल्ल्या यांनी या सार्वजनिक वादात कधी भाग घेतल्याचे दिसत नाही. ते प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहत. वार्षिक अहवाल, ताळेबंद आणि समभागांचे भाव ही त्यांची भाषा होती. त्यांच्या कंपन्यांच्या वस्तू घरोघरी पोहोचल्या, पण त्यांचा चेहरा फार थोड्यांना ठाऊक होता. बंगळूर हे त्यांच्या समूहाचे केंद्र झाले. मद्रासची पेढी आणि निलगिरीची ब्रुअरी या दोन प्रवाहांचा संगम तेथे झाला.

तमिळनाडूत तास्मॅक सुरू झाले त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९८३ रोजी, विठ्ठल मल्ल्या यांचे मुंबईत हृदयविकाराने निधन झाले. ते एकोणसाठ वर्षांचे होते. समूहाची सूत्रे त्यांचे पुत्र विजय मल्ल्या यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. बंगळूरमधील जुन्या ग्रँट रोडला विठ्ठल मल्ल्या यांचे नाव देण्यात आले. एकेकाळी बिअर गाळणाऱ्या कारखान्याची जागा आता त्याच रस्त्यावरील उंच व्यापारी इमारतींनी घेतली आहे.

त्यांच्या पश्चात समूह वाढला आणि विखुरलाही. मॅक्डॉवेल्स नंबर वन ही खपाच्या बाबतीत जगातील अग्रणी व्हिस्कींमध्ये गणली गेली. पुढे मद्य व्यवसायाचे नियंत्रण २०१३-१४ मध्ये डियाजिओ या ब्रिटिश कंपनीकडे आणि बिअर व्यवसायाचे बहुसंख्य समभाग २०२१ मध्ये हायनेकेन या डच कंपनीकडे गेले. इंग्रजांकडून भारतीयांकडे आलेले नाव अशा रीतीने पुन्हा लंडनच्या मालकीचे झाले. कुटुंबाचा ताबा संपला, उत्पादन मात्र भारतातच राहिले.

दरम्यान भारतीय व्हिस्कीनेही नवे वळण घेतले. बंगळूरच्या जगदाळे कुटुंबाच्या अमृत डिस्टिलरीने २००४ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे आपली सिंगल माल्ट व्हिस्की सादर केली. ती संपूर्णपणे सातूची, पिंपात मुरलेली आणि स्कॉचच्या निकषांवर उतरणारी होती. भारतातील उष्णतेमुळे पिंपातील मद्य झपाट्याने मुरते. पण त्याच उष्णतेने दरवर्षी दहा-बारा टक्क्यांपर्यंत मद्य हवेत उडून जाते. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते. धान्याचा तुटवडा संपल्यानंतरच असे प्रयोग शक्य झाले, ही बाब लक्षणीय आहे. भारत व ब्रिटन यांच्यात २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरील दीडशे टक्के आयात शुल्क प्रथम पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणण्याचे ठरले. ज्या आयातबंदीच्या आडोशाला मळीची व्हिस्की वाढली, तो आडोसा आता हळूहळू दूर होत आहे.

विठ्ठल मल्ल्या यांनी उद्योग उभारला तो बंदीच्या काळात, इतर विकत असताना घेण्याच्या धैर्यावर आणि दीर्घकाळ वाट पाहण्याच्या संयमावर. भारतीय उद्योगाच्या इतिहासात त्यांचे स्थान यामुळे निश्चित आहे. त्यांनी विकलेल्या वस्तूची सामाजिक किंमत किती, हा राजाजींनी मद्रासमध्ये विचारलेला प्रश्नही तितकाच जिवंत आहे. फोर्ट सेंट जॉर्ज हे आजही तमिळनाडूच्या विधानसभेचे आणि सचिवालयाचे ठिकाण आहे. ज्या परिसरात ॲंगस मॅक्डॉवेलने दोनशे वर्षांपूर्वी दुकान मांडले, तेथेच मद्याची दुकाने किती असावीत यावर दर अधिवेशनात चर्चा झडत असते.